आमच्या वाडीत मास्तर तेलुगू शिकले

आमच्या गावाला सडक नव्हती. म्हणजे सडक होती, पण ती दोन मैल लांबून, गावाला न विचारता निघून जायची. आदिलाबादकडून यायची, तलमडुगूच्या बाजूने वळून डोंगर चढायची आणि पलीकडे किनवटला उतरायची. आमचं गाव तिच्याकडे पाठ आणि पैनगंगेकडे तोंड करून बसलेलं. सडकेपासून घरापर्यंत बैलगाडीची चाकोरी. पावसाळ्यात तीही चिखलात जायची आणि माणसं वहाणा हातात घेऊन चालायची.

सडकेवर मैलाचे दगड होते. निजामाच्या राज्यात त्यांच्यावर उर्दू अक्षरं होती. मी चालायला शिकले तोवर ते राज्य गेलं होतं, पण दगडांना कुणी कळवलं नव्हतं. मग छप्पन साली भाषेवरून राज्यं वाटली. किनवट तालुका मुंबई राज्यात गेला, आमचा मुलूख आंध्रात, आणि एक माणूस चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आला. डोंगराच्या अलीकडचे दगड तेलुगू झाले, पलीकडचे मराठी. आमच्या गावातल्या बहुतेकांना सगळीच अक्षरं सारखी अनोळखी होती, त्यामुळे कुणी रस्ता चुकला नाही.

मी तेव्हा सात वर्षांची होते. गावात सगळ्यांची कापूस-ज्वारीची कोरडवाहू शेती, आणि नदीकाठची आमची चार घरं भाजीवाल्यांची. पाणी उतरलं की पात्रातल्या रेतीत आम्ही वाडी लावायचो. रेतीत टरबूज, डांगर, काकडी. काठावर वांगी, मिरची, अंबाडी. आठवड्याच्या बाजारी बाबा गाडी जुंपून आदिलाबादला जायचे आणि मला सोबत न्यायचे. माझं तेलुगू तिथलं. भाज्यांची नावं, मापं, घासाघीस आणि दोन-चार शिव्या एवढं मला सहाव्या वर्षीच येत होतं. गावात माझ्याइतकं तेलुगू कुणाला येत नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. गर्विष्ठ होते मी. अजूनही आहे, असं सून म्हणते.

गावात शाळा एक, खोली एक, मास्तर एक आणि वर्ग चार. शाळा मराठी. मास्तर किनवटकडचे, याच नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. तिथे त्यांचे आईवडील, बायको आणि माझ्याच वयाची एक मुलगी. तीन आठवड्यांतून एकदा शनिवारी मास्तर सडकेपर्यंत चालत जायचे, मिळेल त्या ट्रकने डोंगर ओलांडायचे आणि सोमवारी शाळा भरायच्या आत परत. जाताना आमची आई त्यांच्या पिशवीत काहीतरी कोंबायचीच. कधी बोरकूट, कधी सोललेल्या डांगराच्या बिया.

"तुमच्या पोरीले द्या, मास्तर."

"पोरगी बाप इसरली, पण तुमचं बोरकूट नाई इसरत," मास्तर हसून म्हणायचे. आम्हीही हसायचो.

मास्तर एकटे राहायचे म्हणून गावाने त्यांच्या जेवणाचे वार लावून घेतले होते. सोमवारी पाटलांकडे वरण-भात, मंगळवारी तेल्यांकडे जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर, बुधवारी कोष्ट्यांकडे पातोडीचा झणझणीत रस्सा. गुरुवार आमचा. गुरुवारी आई पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची. कापसाच्या वाळल्या झाडांचा जाळ भसकन पेटतो आणि लवकर विझतो, तेवढ्यात वांगं सगळ्या बाजूंनी फिरवावं लागतं. ते काम माझं. नाहीतर मग ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. मास्तरांना ती इतकी आवडायची की आई त्यांना विचारतही नसे, वाढत राहायची.

या वारांचा मास्तरांनी फार हुशारीने उपयोग केला. ज्या घरी मुलगी असेल तिथे ते जेवायला बसायचे, पहिला घास उचलायचे आणि तो हातातच धरून घरधन्याला म्हणायचे, "उद्यापासून पोरगी शाळेत पाठवता न?" उत्तर येईपर्यंत घास तोंडात जायचा नाही. पाहुणा घास धरून ताटकळतोय आणि भाकर गार होतेय, हे आमच्याकडे कुणाला बघवत नाही. माझे बाबा मोजून दोन श्वास थांबले. मग म्हणाले, "पाठवतो, मास्तर, जेवा आता." अशा पाच घासांनी आम्ही पाच मुली शाळेत आलो. बाकी कुणी आम्हाला आणलं नसतं. मास्तर घरचे झाले होते म्हणून मुली शाळेत होत्या. मास्तर गेले की त्या घरी बसणार, हे आम्हा पाचींना कुणी न सांगता कळत होतं.

शनिवारी अर्धी शाळा. त्या दिवशी मास्तर आम्हाला नदीवरच्या काळ्या दगडाच्या देवळात न्यायचे, नाहीतर टेकडीवरच्या गोंड राजाच्या बुरुजावर. देऊळ देवांनी एका रात्रीत बांधलं असं गाव सांगायचं. मास्तर म्हणायचे, "एका रात्रीत आपल्या शाळेच्या छपरावरची चार कवेलू बसत नाईत. माणसांनीच बांधलं हे. हातोडीचे घाव मोजा." आणि आम्ही बसायचो मोजत. देवळाच्या चौकटीवर कोरलेली अक्षरं होती, ती मास्तरांनाही लागत नव्हती. "मलेबी येत नाई," असं ते सरळ सांगायचे. मास्तराला न येणारी गोष्ट असते, हे मी तिथे शिकले.

तर, राज्य बदलल्यावर दीड-दोन वर्षांनी निरोप आला की शाळा पाहायला साहेब येणार. कुठल्या गावात कुठली भाषा चालते, कुठे कुठल्या मास्तराची गरज आहे, हे बघून ते कागद करणार होते. गावाला भाषेबिषेचं काही वाटलं नाही. गावाला काळजी एकच, साहेबांची जीप चाकोरीतून येणार कशी?

मग जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. आठ दिवस सगळं गाव त्या दोन मैलांवर होतं. पुरुष मुरूम खणत होते, बाया टोपल्यांनी टाकत होत्या, आम्ही पोरं पायांनी दाबत होतो. नाल्यात दगड भरायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, बुरुजाचे ढासळलेले दगड आयते पडले आहेत, आणू गाडीभर. मास्तर जाऊन गाडीच्या जुवाला धरून उभे राहिले. त्यांचा आवाज एरवी चढत नसे. "बुरूज नाल्यात घालून सडक करता? साहेबाले मग दाखवाल काय, नाला?" गाडी परत फिरली. दगड नदीतून आणले.

जीप आली. रुतली नाही. साहेब उतरले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, चष्मा, थकलेला चेहरा. ते पार समुद्राकडचे, गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिकडचे. मराठी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. आणि इथे आमच्या गावाने एक चूक केली, जी दुसऱ्या कुठल्या गावाने केली असती असं मला वाटत नाही.

आमच्याकडे पाहुण्याशी त्याच्या बोलीत बोलायची रीत. मारवाडी आला तर हिंदी, गोंड आला तर येतील तेवढे गोंडी शब्द, कचेरीतला माणूस आला तर अर्ज, हुकूम, मेहेरबानी. आपली बोली आपसांत. पाहुण्यापुढे ती काढायची म्हणजे त्याला ताटावर एकटं बसवून आपण कोपऱ्यात कुजबुजण्यासारखं. म्हणून साहेब आले तसं सगळं गाव तेलुगूत शिरलं. पाटील दोन वाक्यांत संपले, पण हात जोडून पुन्हा तीच दोन वाक्यं बोलत राहिले. बायांनी पाणी देताना "नीळ्ळु" म्हटलं. आणि जेवणाला मी वाढायला होते.

आईने कण्या आणि अंबाडी केली होती. साहेबांनी एक घास घेतला आणि थांबले. "गोंगूरा!" ते म्हणाले. त्यांच्या घरी, समुद्राकाठीसुद्धा, हीच भाजी. चेहरा एकदम उजळला त्यांचा. घरापासून इतक्या लांब ती मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी तोंड उघडलं ते बंदच केलं नाही. गोंगूरा कुठे लावतो, कधी खुडतो, बाजारात कशी विकतो, वंकाय म्हणजे वांगी कशी भाजतो, पुच्चकाय म्हणजे टरबूज रेतीत कसं वाढतं, सगळं तेलुगूत. "इंका कावाल्ना?" म्हणत त्यांना आणखी वाढलं. साहेब हसत होते, विचारत होते, मी सांगत होते. शाळेत गेल्यावरही त्यांनी मलाच पुढे बोलावलं आणि तेलुगूत आकडे विचारले. शंभरापर्यंत धडाधड म्हटले मी. बाकीची पोरंही माझं बघून येईल तसं बोलू लागली.

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांचा चेहरा मला आज दिसतो. आपली विद्यार्थिनी साहेबापुढे न अडखळता बोलतेय, याच्या आनंदाने तो नुसता फुलला होता.

महिन्याने कागद आला. वसुलीला आलेल्या पटवाऱ्याने तो पारावर वाचला. गावात तेलुगू सर्वांना येतं, मुलांना तर उत्तम येतं, मराठी वर्गाची गरज दिसत नाही. नवीन वर्षापासून तेलुगू मास्तर येईल. सध्याच्या मास्तरांना बेज्जूरकडच्या जंगलातल्या एका शाळेत पाठवण्यात येईल, जिल्ह्याच्या त्या टोकाला, प्राणहितेकाठी.

पारावर सगळेच एकदम बोलायला लागले.

"आमी काऊन बोललो तेलुगू?" तेली म्हणाले.

"तुमीच सुरू केलं, पाटील!"

"मंग काय मुक्यानं जेवू घालाव पाहुण्याले?" पाटील रडकुंडीला आले होते.

मग सगळ्यांच्या नजरा फिरून माझ्यावर आल्या. नऊ वर्षांच्या पोरीला काय म्हणणार? बाबा एवढंच बोलले, "मास्तर गेले का तू वाडीवर ये. नवा माणूस, कोण कुठचा, मी पोरगी नाई पाठवत."

त्या गुरुवारी मास्तर जेवायला आले तेव्हा मी धान्याच्या कणगीमागे लपून बसले होते. माझ्यामुळे झालं होतं हे. मिरवायची हौस माझी आणि जंगलात जायचं मास्तरांनी. रडूही येत नव्हतं. मास्तरांनी घास उचलला आणि हातात धरला.

"मास्तर, आता काय मागता?" बाबा म्हणाले.

"पोरगी बाहेर आली का जेवतो."

मी बाहेर आले. मास्तर म्हणाले, "तू बोलत होती, मले काई समजत नव्हतं. पण छाती अशी फुगली होती माझी. लपतं काऊन?" आणि घास खाल्ला. मग मात्र मी रडले, चांगली भोकाड पसरून.

पुढच्या आठवड्यात गावचे पंधरा-वीस जण आदिलाबादला गेले. मलाही नेलं, गुन्हेगार म्हणून की साक्षीदार म्हणून ते मला समजलं नाही. गाडीत पाटलांनी सगळ्यांना बजावलं, "आज एकबी शब्द तेलुगू काढाचा नाई. मराठीच बोलाव." सगळ्यांनी माना हलवल्या. साहेब कचेरीच्या ओसरीवर आले, आम्हाला ओळखून हसले, आणि तेलुगूत विचारलं, बसा, पाणी घेता का? पाटलांचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. "वद्दु, वद्दु," म्हणजे नको, नको, असं म्हणून गेलेच ते, आणि कपाळावर हात मारून घेतला. वीस माणसं तिथे घाम पुसत उभी होती. कुणी मराठी काढायला धजेना. शेवटी कचेरीतल्या एका मराठी कारकुनाने मध्ये पडून गावाचं म्हणणं साहेबांना सांगितलं.

साहेबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मग त्या दिवशी सगळे तेलुगू का बोलत होते?"

कारकुनाने पाटलांकडे पाहिलं. पाटील खाली बघत म्हणाले, "साहेब जेवून राह्यले होते न. पाहुण्यासंगं अजून कोणत्या बोलीत बोलाव?"

ते तेलुगूत सांगितल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मी जे ऐकलं ते लिहिलं, चूक तुमची नाही. पण गाव आता आंध्रात आहे, मुलांना तेलुगूही यायला हवं. मराठी वर्ग राहील, मास्तरही राहतील, पण त्यांनी तेलुगू शिकवलं पाहिजे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी येईन आणि त्यांचा धडा ऐकेन.

परत येताना गाडीत सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता. चाळिशी गाठलेल्या मास्तरांना चार महिन्यांत तेलुगू शिकवणार कोण? आणि मग पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

असे आमच्या वाडीत मास्तर तेलुगू शिकले. शाळा सुटली की ते नदीत उतरायचे, धोतर खोचायचे आणि माझ्यामागून वाफ्यावाफ्याने फिरायचे. मी बोट दाखवायचे, नाव सांगायचे, ते म्हणायचे. लिपी ते पटवाऱ्याकडून शिकले, पण बोलणं माझ्याकडून. वाईट विद्यार्थी होते ते. रोज विसरायचे. आदल्या दिवशीचं मिरपकाय, म्हणजे मिरची, दुसऱ्या दिवशी आठवत नसे, आणि मी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासारखीच ओरडायचे, "काल सांगितलं होतं न!" ते खाली मान घालून म्हणायचे, "चुकलं, बाई." मला फार मजा वाटायची. मास्तरांना दम देता येतो म्हणून मी त्यांना गरजेपेक्षा जास्तच चुका दाखवल्या असतील.

आणि पाणी घालता घालता, टरबुजाच्या वेलीला रेतीत खड्डा करताना, शेणखत टाकताना, ते एकेक वाक्य जुळवत गेले. संक्रांतीला शेजारच्या गावातल्या तेलुगू घरातून सकिनालु आले, तांदळाच्या पिठाची तळलेली कडी. त्यांनी ताट आणणाऱ्या बाईंशी अख्खी पाच वाक्यं केली. बाई पदर तोंडाला लावून हसत पळाल्या. मी बाजारात शिकले होते, आणि बाजारात कुणी कुणाला अहोजाहो करत नाही. त्यामुळे मास्तर सगळ्या जगाला अरेतुरे करत होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

साहेब आले तेव्हा पात्रात टरबुजं भरली होती. शाळेत बसल्यावर साहेब म्हणाले, तेलुगूत धडा घ्या. कोणताही, तुमच्या मनाचा. मी पुढच्या रांगेत. मास्तर फळ्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला, आणि साहेबांना प्रेमाने "कूर्चो" म्हणाले, म्हणजे "बस रे". साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण ते बसले.

मग मास्तरांनी टरबुजाची वाडी कशी लावतात ते सांगितलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. पाणी उतरतं, रेती उघडी पडते, हाताने खड्डा करायचा, तळाशी ओल लागेपर्यंत. खत. तीन बिया. घागरीने पाणी. वाऱ्याने रेती उडून वेल झाकू नये म्हणून पऱ्हाट्यांचं कुंपण. मध्येच शब्द अडायचा, ते माझ्याकडे पाहायचे, आणि मी ओठ हलवणार तोच त्यांना तो आठवायचा. शेवटी त्यांनी फळ्यावर तेलुगूत पुच्चकाय लिहिलं, मोठ्ठं, वेडंवाकडं, पण बरोबर. सगळा वर्ग ते एका सुरात वाचत होता.

साहेबांनी कागदावर सही केली. जाताना कारकुनाला काहीतरी सांगितलं. ते त्याने आम्हाला सांगितलं, साहेब म्हणतात, मास्तरांचं तेलुगू भाजीवालीचं आहे, पण खरं आहे.

मास्तर राहिले. मी त्याच शाळेत चौथी झाले, बाकी चौघीही झाल्या. पुढे मी आदिलाबादला शिकले, आणि माझ्या बाबांनीच गाडी जुंपून मला तिथे पोचवलं. मास्तरांना जंगलातल्या बदलीपासून मी वाचवलं, ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली. मीच बिघडवलं आणि मीच निस्तरलं, असा माझा हिशेब.

मागे आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. बेज्जूर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी किनवटकडे गेले होते. डोंगरातली सडक आता डांबरी आहे, गाडी तासा-दीड तासात उतरते. मास्तरांचं गाव वाटेत आहे हे ऐकून मी थांबले. मास्तर जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात त्यांची मुलगी होती, माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची. मी कुठल्या गावची ते सांगितल्यावर तिने मला आत घेतलं, चहा केला, आणि मी माझी ठरलेली गोष्ट सुरू केली.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग उठली आणि पेटीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. राज्यं वाटल्यावर दोनेक वर्षांनी मास्तरांना विचारलं गेलं होतं, मुंबई राज्यात येता की तिकडेच राहता? त्यांच्या स्वतःच्या गावच्या शाळेत जागा रिकामी होती. ही त्यांनी दिलेल्या उत्तराची नक्कल, त्यांच्याच अक्षरात. ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. लिहिलं होतं, मी तिकडे येऊ शकत नाही. माझ्या शाळेत पाच मुली येतात. मी सुटलो तर त्या सुटतील. तारीख पाहिली. साहेबांचा कागद पारावर वाचला गेला, त्याच महिन्यातली होती.

म्हणजे बेज्जूरला जायची वेळ त्यांच्यावर येणारच नव्हती. ते घरी जाऊ शकत होते, आपल्या पोरीपाशी. आणि ते संध्याकाळी नदीत उतरून माझा ओरडा खात होते.

आयुष्यभराची माझी बढाई त्या एका कागदापुढे संपली होती. लाज वाटली, आणि त्याहून जास्त, त्या माणसावरचं प्रेम इतकं दाटून आलं की मला समोरच्या बाईकडे बघवेना. तिचा बाप आम्ही पाच जणींनी वापरला होता.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"तुमचं काय त्यात?" ती म्हणाली. "लहानपणी राग यायचा मला. बाबांना आपण नको, असं वाटायचं. कागद सापडला तेव्हा मी पन्नाशीला आले होते. मग राग नाही राहिला." ती थोडा वेळ कागदाची घडी घालत राहिली. "एक विचारू? बाबा तुमच्यावर रागवायचे का हो?"

"रोज," मी म्हणाले.

"माझ्यावर कधीच नाही. तीन आठवड्यांनी दीड दिवस यायचे. तेवढ्यात कोण रागावतं? लाड करायचे नुसते." तिने पदराने डोळे टिपले आणि माझ्याजवळ सरकून बसली. "कसे रागवायचे ते सांगा न."

मग मी तिला सांगायला लागले. पाटी न पुसता आणली म्हणून कसे रागवायचे, सातचा पाढा अडला की कसे, नाक शेंबडं घेऊन वर्गात आलं की कसे, खोटं बोललं की आवाज चढवण्याऐवजी कसा उतरवायचे, आणि तो उतरलेला आवाज किती लागायचा. बाहेर आमची गाडी थांबली होती, मंडळी हाका मारत होती. मी त्यांना हाताने थांबवत सांगत राहिले, आणि मी थांबले की ती म्हणायची, "आणखी?"